वॉरंट जुनं झालं म्हणून संपत नाही
ट्रॅक्टरच्या नाहीतर पतसंस्थेच्या कर्जाला दिलेला चेक बाऊन्स होतो, समन्स जुन्या पत्त्यावर जातं, तारखा चुकतात आणि एक दिवस पोलीस दारात उभे. वर्ष उलटलं की वॉरंट संपतं, हा गावोगावचा समज चुकीचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ प्रमाणे ते बजावलं जाईपर्यंत किंवा कोर्टाने रद्द करेपर्यंत चालूच राहतं. जुन्या कायद्यातही हेच होतं. ई-कोर्ट्स ॲपवर जिल्हा, तालुका कोर्ट, नाव, वर्ष टाकलं की केस कुठवर आली ते फुकटात दिसतं. नावाचं स्पेलिंग बदलूनही बघावं. ‘मिटवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात पैसे ठेवू नयेत. वकील घेऊन कोर्टात हजर व्हावं, वॉरंट रद्दचा अर्ज द्यावा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे विचारावं.