टपाची धुलाई

मीरा रोडमध्ये राहून उघडणाऱ्या टपाची गाडी घेणारा माणूस एकतर हौशी असतो, नाहीतर वेडा. माझा दादा दोन्ही आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जी नवी थार आली, तिच्यात कापडी टपाचाही पर्याय होता. तसली एक सेकंडहँड गाडी त्याने गेल्या वर्षी जानेवारीत आणली. वहिनीने विचारलं, "इथे टप उघडून काय हुंगणार? काशीमिऱ्याच्या सिग्नलचा धूर?" दादा म्हणाला, "रविवारी उत्तनला जाऊ ना!" झालं. रविवारी सकाळी गाडी धुवायची आणि मग टप उघडून उत्तन, असा आम्हा दोघा भावांचा कार्यक्रम ठरून गेला.

आजचं लिखाण त्या धुण्याबद्दल आहे. आणि एका माणसावर आम्ही केलेल्या अन्यायाबद्दल.

सप्टेंबरात टपाच्या आतल्या बाजूला काळे ठिपके दिसायला लागले. कुबट वास येऊ लागला. मागच्या सीटवरच्या एका शिवणीतून पाणी ठिबकायला लागलं. दादाने दोन मिनिटांत निकाल दिला: "हे गाडी धुणाऱ्या काकांचं काम. काय कशाने घासतात कोण जाणे!" हे काका पहाटे पाचला येऊन सोसायटीतल्या वीस-पंचवीस गाड्या पुसतात. दादाने त्यांचे त्या महिन्याचे सहाशे रुपये कापले. मी शेजारीच उभा होतो, मीही मान डोलावली. काका काही न बोलता बादली उचलून निघून गेले.

आता मी पोटासाठी करतो काय? दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो. सिस्टीम पडली की "शेवटचा हात कोणी लावला होता?" एवढंच विचारणाऱ्या मॅनेजर लोकांवर मी कँटीनमध्ये तासभर बोलू शकतो. आणि इथे मीही तेच केलं होतं! हे डोक्यात आलं आणि रात्री झोप लागेना. मग म्हटलं, निदान खरं कारण तरी शोधू.

पहिली गोष्ट म्हणजे टप हा पत्रा नव्हे. चांगल्या कापडी टपात सहसा तीन थर असतात. वर विणलेलं कापड, मध्ये रबर आणि खाली अस्तर. वरच्या कापडावर पाणी न धरणारा लेप असतो आणि तुकडे शिवणीने जोडलेले असतात. थोडक्यात, ती छत्री आहे. आता छत्रीवर कोणी प्रेशर पंप मारतं का? आम्ही मारत होतो! दादाने हौसेने घरीच पंप आणला होता आणि मी तो टपाच्या अगदी जवळ धरायचो, म्हणजे "मस्त साफ होईल". जोराच्या धारेने कापडाचे धागे फुलतात, शिवणीचा दोरा सैल होतो आणि सुईच्या भोकांतून पाणी आत शिरतं.

दुसरी चूक म्हणजे भांड्यांचा साबण. तो चिकट तूप सोडवतो, तसा टपावरचा लेपही सोडवतो. घरी करून बघण्यासारखी सोपी परीक्षा आहे. टपावर चमचाभर पाणी शिंपडा. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर लेप शाबूत आहे. कापड काळपट होऊन पाणी पीत असेल तर लेप गेला. मग धुऊन, पूर्ण वाळवून, नवा लेप फवारावा लागतो. आमचा टप पाणी पीत होता.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे उत्तन. धुतल्यावर अर्ध्या तासात, टप ओला असतानाच, आम्ही तो घडी करून मागे टाकायचो. ओला टॉवेल घडी करून कपाटात ठेवला तर काय होतं ते हॉस्टेलवर राहिलेल्यांना सांगायला नको. त्यात आमच्याकडची खाडीकाठची दमट हवा. बुरशीला आणखी काय हवं?

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला खाली उतरलो. विचारलं, "काका, तुम्ही टप कशाने पुसता?"

"टपाला मी हातच लावत नाही साहेब. बारा वर्षं रिक्षा चालवली मी. शिवण एकदा उसवली की पावसाळाभर डोक्यावर पाणी. आणि ती मागची प्लास्टिकची काच कोरड्या फडक्याने पुसली की आंधळी होते. आधी पाणी सोडायचं, धूळ वाहून जाऊ द्यायची."

घ्या! मीरा-भाईंदरमध्ये मऊ टपाच्या गाड्या हजारोंनी फिरतात, आपण त्यांना रिक्षा म्हणतो. आणि ज्याला टप कळतो, त्यालाच आम्ही दोषी ठरवलं होतं.

तर आमची आताची पद्धत अशी. गाडी सावलीत, टप थंड झालेला. आधी मऊ कोरड्या ब्रशने धूळ आणि पानं काढायची. पक्ष्यांची घाण खरवडायची नाही, ओलं फडकं ठेवून भिजू द्यायची. मग साधं पाणी वरून खाली, मगाने. बादलीत गाडीचा सौम्य शाम्पू, मऊ ब्रश, विणीच्या दिशेने हलका हात. फेस उरणार नाही इतकं पाणी. शेवटी फडकं टेकवून पाणी टिपायचं आणि टप ताणलेल्या अवस्थेत पूर्ण वाळेपर्यंत उघडायचा नाही. भर पावसाळ्यात तर उघडायचाच नाही. दादाला हे फार लागलं :-)

यात पाणी लागतं तीन बादल्या. पूर्वी पाइप वीस मिनिटं चालू असायचा. मी मोजलं, पंधरा लिटरची बादली सव्वा मिनिटात भरते. म्हणजे दर रविवारी २४० लिटर, पंपाचं वेगळं. तेही अशा शहरात, जिथे पाणी स्टेम आणि एमआयडीसीकडून येतं, जिथे सूर्या प्रकल्पाची वाट बघण्यात वर्षं गेली आणि जिथे टँकरचा हिशेब सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये निघतो.

माझं मत इतकंच आहे. फेसाचे आणि फवाऱ्याचे व्हिडिओ बघून गाडी धुणं म्हणजे गाडीची काळजी नव्हे, ती आपल्या हौसेची काळजी. थारच्या फरशीला पाणी जायला भोकं दिलीत, म्हणून लोक सगळी गाडीच धारेखाली धरतात. ती भोकं चिखलासाठी आहेत, टपाशी त्यांचा काही संबंध नाही. आणि बिघाड दिसला की आधी आपलेच हात तपासावेत. ज्याचे सहाशे रुपये कापायला दोन मिनिटं लागतात, त्याला विचारायला एकच मिनिट लागलं असतं.

दादाने पैसे परत दिले, स्वतः खाली जाऊन. काकांनी ते मोजून खिशात ठेवले. "उद्यापासून येता ना?" दादाने विचारलं.

"नको साहेब. तुमच्या गाडीच्या जागी दुसरी धरली. आणि तुम्हाला आता जमतंय की."

असो. पार्किंगमध्ये सावली आलीय. बादली भरायला निघतो.