पक्षाघाताचा बाजार आणि तंजावरची नोंदवही

ज्या बाजारात गिऱ्हाईक बेशुद्ध असते, तो बाजार विक्रेत्यांच्या सदसद्विवेकावर सोडता येत नाही. पक्षाघातावरील उपकरणांच्या विक्रीविषयी मला जे सांगायचे आहे त्याचे सार एवढेच. पुढील विवेचन हे या विधानाच्या समर्थनार्थ आहे.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक मान्य हिशेब आहे. गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या वाहिनीतील गुठळीला ते पुष्कळदा पुरत नाही. अशा वेळी मांडीतून वा मनगटातून नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढतात. ही पद्धत परिणामकारक असल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाच मोठ्या चाचण्यांनी दाखवले, आणि २०१८ पासून निवडक रुग्णांसाठी तिची मुदत २४ तासांपर्यंत वाढली.

आता तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक असलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करा. वडील घरी कोसळलेले, मुलगा चेन्नईला किंवा न्यू जर्सीत. रात्री दूरध्वनी येतो : संमती द्या, पैसे पाठवा, वेळ नाही. उपकरण कोणत्या कंपनीचे, रुग्णालयाला ते किती रुपयांना पडले, त्याऐवजी दुसरे चालले असते काय, हे तो मुलगा विचारत नाही. विचारूही शकत नाही. पुणे, नागपूर, बेळगाव, बडोदा, कुठेही हेच घडेल. कोणा एका शहराला किंवा रुग्णालयाला दोष देण्याचा माझा हेतू नाही.

विक्रेत्यांची स्पर्धा मुळातच पाप आहे असे मी मानत नाही. २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या मळसूत्री तारेच्या उपकरणावर २०१२ साली जाळीदार उपकरणांनी मात केली, आणि गुठळी शोषून घेणाऱ्या नळ्याही आल्या. ही प्रगती स्पर्धेमुळेच झाली. परंतु स्पर्धेचे फळ गिऱ्हाइकाला तेव्हाच मिळते, जेव्हा निवड गिऱ्हाईक करते. येथे निवड करणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा. मग विक्रेत्याने कोणाला खूश ठेवायचे, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. कंपनीचा माल रुग्णालयाच्या कपाटात आगाऊ ठेवलेला असतो, वापरला की बिल होते. छापील किंमत आणि खरेदी किंमत यांतील फरक रुग्णालयाचा. कमी किमतीचे उपकरण या व्यवस्थेत हरते, कारण त्यात फरक कमी उरतो!

याचा परिणाम काय होतो ते पाहायला अमेरिकेचे उदाहरण पुरे. तेथील कोविडियन कंपनीने आपले सॉलिटेअर हे गुठळी काढण्याचे उपकरण वापरले जावे म्हणून रुग्णालयांना पैसे दिले, आणि त्यासाठी रुग्णांच्या नोंदी गोळा करण्याचे निमित्त केले, असा तेथील न्यायखात्याचा आरोप होता. २०१८ साली १ कोटी ३० लाख डॉलर भरून कंपनीने तो मिटवला. लक्षात घ्या, आमिष नोंदवहीचे होते. नोंद ही चांगलीच गोष्ट. पण ती विक्रेत्याच्या हाती गेली की तिचेच आमिष बनते.

आपल्याकडे काय आहे? डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी व सहली घेऊ नयेत, असा नियम डिसेंबर २००९ मध्ये झाला. तो डॉक्टरांना लागू, रुग्णालय नावाच्या संस्थेला नाही. अशा भेटींच्या खर्चावर कंपन्यांना करसवलत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या विपणनासाठी केंद्राने स्वतंत्र संहिता काढली. तिच्यात भेटवस्तूंना मनाई आहे. पण तक्रार ऐकणार कोण? कंपन्यांच्याच संघटनेची समिती. आरोपीच्या बिरादरीने न्यायनिवाडा करावा आणि फार तर त्याला पंगतीतून उठवावे, याला शासन म्हणत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, किमतीला मर्यादा घाला म्हणजे झाले. हृदयाच्या स्टेंटबाबत फेब्रुवारी २०१७ मध्ये ते झाले. औषधी स्टेंटची सरासरी छापील किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती, ती २९,६०० रुपयांवर आणली; साध्याची ७,२६० वर. हा निर्णय मला योग्य वाटतो. मात्र त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी आपले महाग स्टेंट बाजारातून मागे घेण्याची परवानगी मागितली, हेही विसरता येत नाही. मेंदूच्या उपकरणांवर अशी कमाल किंमत नाही. ती घालावी की नाही याबद्दल वाद होऊ शकेल. नोंदीबद्दल वादाला जागा नाही.

म्हणूनच तंजावरचे स्मरण होते. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला होता. दुसऱ्या सरफोजी महाराजांकडे फारसे अधिकार उरले नव्हते. तरीही त्यांनी धन्वंतरी महाल चालवला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक यांना एका छपराखाली आणले. नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. ही नोंद औषध विकणाऱ्याने ठेवलेली नव्हती. ती दरबाराची होती. अधिकार नसलेल्या राजाला जे सुचले, ते सर्वाधिकारी शासनांना का सुचू नये?

माझी मागणी साधी आहे. गुठळी काढण्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद राज्य शासनाने ठेवावी : उपकरण व त्याचा क्रमांक, रुग्णालयाची खरेदी किंमत, रुग्णाला लावलेली किंमत, त्या वेळी कंपनीचा प्रतिनिधी हजर होता काय, आणि ९० दिवसांनंतर रुग्णाची स्थिती. रुग्णाची ओळख वगळून ती जाहीर करावी. शासकीय विमा योजनांचे पैसे या नोंदीशिवाय देऊ नयेत. एवढी एक अट घातली तरी पुष्कळ रुग्णालये नोंद देतील. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढून इतर राज्यांना धडा घालून दिला. हा दुसरा धडाही तेथूनच यावा.

परदेशस्थ वाचकांना एक विनंती. अमेरिकेत कोणत्या कंपनीने कोणत्या डॉक्टरला किती रक्कम दिली, हे २०१४ पासून कोणालाही पाहता येते. ती सोय तुम्हांला आहे. तंजावरच्या किंवा सांगलीच्या तुमच्या वडिलांना नाही. पैसे पाठवताना बिलाची फोड मागा, उपकरणाचे नाव लिहून मागा. तुमचा प्रश्न एका बिलापुरता असेल. पण असे हजार प्रश्न आले की शासनाला नोंदवही उघडावीच लागते.