विश्लेषण : हुकूमनामा हाती, पैसे मात्र थकीतच, असे का होते?

दिवाणी दावा जिंकला, व्याजासह रक्कम देण्याचा हुकूमनामा झाला, म्हणजे पैसे हाती पडले असे नव्हे. समोरच्याने ते दिले नाहीत, तर वसुलीसाठी पुन्हा न्यायालयात ‘दरखास्त’ दाखल करावी लागते. भारतात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदवले होते. ते आजही खरे आहे.

किती दरखास्ती प्रलंबित?

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयांकडून आकडेवारी मागवली. ऑक्टोबरमध्ये समोर आलेल्या माहितीनुसार देशात ८.८२ लाखांहून अधिक दरखास्ती प्रलंबित होत्या. त्यांत महाराष्ट्रातील सर्वाधिक, सुमारे ३.४१ लाख. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असे याच न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले होते.

वसुली कशी होते?

हुकूमनाम्यापासून १२ वर्षांत दरखास्त करता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार मालमत्तेची जप्ती व लिलाव, बँक खात्यावर टाच, पगारातून कपात हे मार्ग आहेत. मात्र शेतकऱ्याची अवजारे, कारागिराची हत्यारे आणि पगाराचा मोठा हिस्सा जप्त करता येत नाही.

तुरुंगात टाकता येते का?

दिवाणी कैद तीन महिन्यांपर्यंत होऊ शकते; पैशाच्या वसुलीसाठी स्त्रियांना अटक करता येत नाही. ज्याची ऐपतच नाही, त्याला केवळ कर्ज थकले म्हणून कैदेत टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केले. ऐपत असून टाळाटाळ केल्याचे दिसले पाहिजे.

मग अडते कुठे?

ऋणकोची मालमत्ता शोधण्याचे काम प्रत्यक्षात जिंकलेल्या पक्षकारावरच पडते. तो बेलिफाबरोबर पत्त्यावर पोहोचेपर्यंत खाते रिकामे आणि घर नातेवाइकाच्या नावावर झालेले असू शकते. नंतर तिऱ्हाइताच्या हरकतींवर तारखा पडत राहतात.

उपाय कायद्यातच आहे. रक्कम ३० दिवस थकली, तर अर्ज आल्यावर न्यायालय ऋणकोकडून मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र मागवू शकते. ते न दिल्यास कैदेची तरतूद आहे. हा आदेश पहिल्याच तारखेला देण्याची सवय न्यायालयांनी लावून घ्यायला हवी. नाडलेला कोण आणि लपवणारा कोण, हे त्यातूनच कळेल. अन्यथा कायद्याचे संरक्षण गरिबाऐवजी चलाखालाच मिळत राहील.