परिचारिका यंत्रास भितात काय?

रुग्णालयांत नवें यंत्र आलें कीं परिचारिका कुरकुरतात, असा आक्षेप अलीकडे सुशिक्षित समाजांत मोठ्या विश्वासानें घेतला जातो. २०२४ च्या एप्रिलांत सॅन फ्रान्सिस्को येथें कॅलिफोर्नियाच्या परिचारिका-संघानें एका मोठ्या रुग्णालयाबाहेर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उतावळ्या वापराविरुद्ध निदर्शनें केलीं, तेव्हां तर या आक्षेपकांस आयताच पुरावा मिळाला. आम्हांस मात्र हा आक्षेप इतिहासाच्या अज्ञानांतून निघालेला दिसतो.

ताप मोजण्याची नळी ही मुळांत डॉक्टरांची मिरासदारी. व्हुंडरलिख या जर्मन वैद्याचा शरीराच्या उष्णतेवरील ग्रंथ १८६८ चा. त्याच सुमारास इंग्लंडांत ऑलबट यानें सहा इंचांची, पांच मिनिटांत काम उरकणारी नळी प्रचारांत आणली. पुढें ती परिचारिकेच्या हातीं आली. रक्तदाब मोजण्याचा पट्टा १८९६ चा. तोहि तसाच तिच्याकडे आला. या साधनांनीं तिचें कसब हिरावून घेतलें काय? उलट तिच्या डोळ्यांस व बोटांस त्यांची जोडच मिळाली. आंकड्यांचा तिटकाराहि या व्यवसायास कधीं नव्हता. ज्या नाइटिंगेलबाईंनीं १८५९ च्या आपल्या पुस्तकांत रुग्ण-निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण लिहिलें, त्यांनींच क्रिमियन युद्धांतील मृत्यूंचे आंकडे रंगीत आकृतींत मांडून राज्यकर्त्यांपुढें ठेवले होते.

मग आज बिघडलें कोठें? थर्मामीटर आंकडा सांगून गप्प बसतो. त्याचा अर्थ लावणें परिचारिकेकडे राहतें. नवें भाकितयंत्र अर्थहि स्वतःच लावतें, आणि तिनें आतां कोणाकडे धांवावें हेंहि तेंच ठरवितें. सेप्सिस, म्हणजे संसर्ग शरीरभर भडकून अवयव निकामी होण्याची अवस्था, आधीं ओळखणारें असें एक यंत्र मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांत पारखण्यांत आलें. त्याचा निष्कर्ष २०२१ त प्रसिद्ध झाला. ३८,४५५ दाखल्यांपैकीं ६,९७१ वेळां यंत्रानें धोक्याची घंटा वाजविली. आणि ज्या २,५५२ दाखल्यांत रोग खरोखर झाला, त्यांपैकीं १,७०९ वेळां तें मुकेंच राहिलें! घंटा वाजली कीं परिचारिकेनें हातचें काम टाकून धांवावयाचें, आणि घंटा वाजली नाहीं तेथें दोष कोणाचा? हुकूम यंत्राचा, आणि जबाब मात्र बाईंनीं द्यावयाचा, असा हा न्याय आहे.

बोटास लावण्याचा प्राणवायुमापक चिमटा कोविडच्या सांथींत आमच्या घराघरांत शिरला. रक्तांतील प्राणवायु प्रत्यक्षांत घटलेला असतांहि चिमटा समाधानकारक आंकडा दाखवितो, असा प्रकार कृष्णवर्णी रोग्यांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळां घडतो, असें अमेरिकेंतील रुग्णालयांच्या नोंदींवरून २०२० त दिसून आलें. आम्हां सांवळ्या लोकांनीं ही बातमी परकी मानूं नये. अशा वेळीं ओठांचा रंग व श्वासाची ओढ पाहून 'आंकडा बरा आहे, पण माणूस बरा नाहीं' असें म्हणणारी जी बाई, तीच परिचारिका. तें म्हणण्याचा अधिकार काढून घेतला कीं उरते ती कारकून.

दोन पाळ्या ओढलेल्या बाईच्या नजरेंतून खूण निसटते, यंत्रास झोंप येत नाहीं, हें प्रतिपक्षाचें म्हणणें खोटें नव्हे. पण मग एका परिचारिकेमागें रोगी किती, हें आधीं विचारावें. कॅलिफोर्नियानें १९९९ त या प्रमाणाचा कायदा केला; तेथें अतिदक्षता विभागांत दोन रोग्यांमागें एक परिचारिका असावी लागते. आमच्या सरकारी रुग्णालयांत आप्ताच्या उशाशीं ज्यानें एक रात्र काढली असेल, त्यास इकडील प्रमाण आम्हीं सांगावयास नको. माणसें नेमण्याचा खर्च टाळावयाचा आणि त्यास सुधारणा म्हणावयाचें, हा डाव परिचारिकांनीं ओळखला, एवढाच त्यांचा अपराध!

आम्हीं पाहिलेल्या एका संगणकी नोंदवहींत खुणा करावयाच्या चौकटी पानोपानीं होत्या. 'हा रोगी मला आज ठीक वाटत नाहीं' एवढें एक वाक्य लिहावयास मात्र जागा नव्हती. ती जागा आधीं करावी, तिच्याखालीं बाईंची सही घ्यावी, आणि त्या सहीपुढें यंत्राचा हुकूम थांबेल असा नियम करावा. मग खुशाल आणखी दहा यंत्रें आणावींत.