मुल्की व्हायला किती वर्षे?

हैदराबादच्या जुन्या मराठी घरांना ‘मुल्की’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. 1919 च्या निजामी फर्मानाप्रमाणे संस्थानात 15 वर्षे कायम राहिलेला आणि परत जाण्याचा विचार सोडलेला माणूस मुल्की ठरे व सरकारी नोकरीस पात्र होई. याच नियमाच्या अंमलबजावणीवरून 1952 मध्ये या शहरात आंदोलन पेटले. पण निदान वर्षांचा आकडा तरी ठरलेला होता.

आज मलकपेठेतील घराघरांतली मुले अमेरिकेत आहेत. रीतसर व्हिसा घेऊन गेली, कर भरतात. तरीही तिथले ‘मुल्की’ कधी होणार, हे त्यांना कोणीच सांगू शकत नाही. दोष तिथल्या कायद्यात आहे. 1990 च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे 1,40,000 ग्रीन कार्डे ठरवली. त्यात पत्नी व मुलेही मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण 7 टक्क्यांचीच मर्यादा. म्हणजे भारताला आणि आइसलंडला माप एकच!

सर्वांत मोठा फटका मुलांना बसतो. तान्हेपणी आईवडिलांबरोबर गेलेले मूल 21 वर्षांचे झाले की त्यांच्या अर्जातून बाहेर पडते. 2002 च्या कायद्याने वय मोजताना थोडी सवलत दिली, पण इतक्या लांब रांगेपुढे ती अपुरी आहे.

परक्या देशाने किती जणांना घ्यावे हा त्याचा अधिकार, हे मान्य. पण घेतलेल्यांना न्याय सारखा हवा. देशनिहाय मर्यादा काढण्याचे विधेयक 2019 मध्ये तिथल्या प्रतिनिधीगृहाने मंजूर केले, 2020 मध्ये सिनेटने आपला वेगळा मसुदा मंजूर केला. दोहोंचा मेळ बसला नाही आणि कायदा झाला नाही. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. त्याने रांगेत उभ्या असलेल्यांचा प्रश्न सुटत नाही.

नुसती मर्यादा काढली तर प्रतीक्षा इतर देशांच्या लोकांवर ढकलली जाईल, हा आक्षेपही खरा आहे. म्हणून आमच्या मते पहिली सुधारणा ही, की कोट्यात फक्त नोकरदार मोजावा, कुटुंब नव्हे. दुसरी, मुलाचे वय अर्जाच्या तारखेला गोठवावे. देशनिहाय मर्यादा त्यानंतर टप्प्याटप्प्याने काढावी.

आपल्याला तिथे मत नाही. पण आपल्यापैकी अनेकांचे भाऊ, मुली, जावई तिथले नागरिक आहेत. पुढच्या फोनवर हवापाण्याबरोबर हेही विचारा : आपल्या भागातील लोकप्रतिनिधीला तुम्ही पत्र लिहिले का?