वादळापूर्वी विम्याचा कागद वाचा

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, दापोली भागात घरांची कौले-पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडवली. दोन्ही वेळी मदतीला माणसे धावली. पण मदतीने चूल पेटते, बुडालेला माल परत येत नाही.

विम्याचा विषय काढला की आमचे बरेच व्यापारी बांधव म्हणतात, ‘‘बँकेने उतरवलाय ना!’’ बँक आपल्या कर्जापुरती काळजी घेते. तारण मालाचा विमा असला तरी फर्निचर, शिलाई यंत्रे, दुसऱ्या गल्लीतले गोदाम त्यात आहे काय, हे आपणच पाहावे. कारागिरांकडे गिऱ्हाइकाचा माल असतो; तोही पॉलिसीत स्पष्ट लिहून घ्यावा.

रक्कम कमी लावण्याची सवय तर फारच महाग पडते. माल १० लाखांचा, विमा ५ लाखांचा आणि नुकसान ४ लाखांचे, तर सर्वसाधारण नियमाने हाती २ लाखच येतात. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी आली. तिच्यात वादळ आणि पूर दोन्ही येतात, पण रकमेतली तूट १५ टक्क्यांपर्यंतच माफ होते.

घराकडे तर कोणी पाहतच नाही. आखाती देशांत वर्षानुवर्षे राबून बांधलेली घरे कोकणात विम्याविना उभी आहेत. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत इमारतीचा विमा उतरवला की सामानालाही इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते.

काही बांधवांच्या मनात विम्याबद्दल शरई शंका आहे. तिचा आम्ही आदर करतो. मात्र ती उलेमांना विचारून निकाली काढावी, वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवू नये. विमा नको असे ज्यांचे ठरेल, त्यांनी बाजारात किंवा जमातीत परस्पर मदतीचा निधी उभारून दरमहा त्यात रक्कम टाकावी. तवक्कुलच्या नावाखाली काहीच न करणे आम्हाला पटत नाही.

बाकीची कामे मे महिन्यातच उरकावीत. पत्र्यांचे हूक-बोल्ट आवळावेत, छपरावर आलेल्या फांद्या तोडाव्यात, माल जमिनीवर न ठेवता उंच फळीवर ठेवावा. स्टॉक रजिस्टर, बिले आणि पॉलिसीची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाईकाकडे द्यावी. नुकसान झालेच तर चिखल काढण्यापूर्वी फोटो घ्यावेत, कंपनीला लगेच लेखी कळवावे आणि सर्व्हेअर येईपर्यंत खराब माल शक्यतो फेकू नये.

प्रत्येक बाजारपेठेतल्या व्यापारी संघटनेने पावसाळ्याआधी एक बैठक बोलवावी, जाणकाराला बसवावे आणि सभासदांच्या पॉलिसी एकेक करून वाचून घ्याव्यात, अशी आमची विनंती आहे. एका संध्याकाळचे काम आहे.