शोधनिबंध मोजले, रक्ताचे निकाल कोण मोजणार?

वैद्यकीय महाविद्यालयातील जीवरसायनशास्त्र विभागाच्या वार्षिक अहवालात शोधनिबंध, परिषदा आणि पारितोषिके यांची नोंद असते. ती कामगिरी आम्ही कमी लेखत नाही. पण विदर्भातील बौद्ध समाजाला त्यात आणखी एक रकाना हवा आहे, तो सिकलसेलचा.

१९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. २०२३ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले आणि सात कोटी तपासण्यांचे उद्दिष्ट ठरले. अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे, मात्र हा आजार आपल्याही घरांत आहे.

आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. साध्या विद्राव्यता चाचणीत वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. विद्यार्थ्यांना हेच तंत्र शिकवले जाते.

म्हणून विभागांनी दरवर्षी हेही छापावे: किती जणांचे रक्त घेतले, किती जणांच्या हाती निकाल दिला, लग्नाआधी किती जणांना समुपदेशन मिळाले, किती विद्यार्थी वस्तीत गेले. रक्त समाजाने दिले आहे. त्याचा निकाल समाजापर्यंत पोहोचला, तरच ते संशोधन पूर्ण झाले असे आम्ही मानू.